माझं काही नाही हो

३ जून, सोमवार
ऑफिस हलवलं. पार गावाबाहेर, सिमेंटच्या गोदामाशेजारी. दोन बस, वर शेअर रिक्षा. बायको म्हणाली, भाड्यातच पगाराचा लचका तुटणार. साहेबांशी बोला, नाहीतर लेकीचं पोहणं बंद करावं लागेल. लेक ऐकत होती. पुढच्या महिन्यात तिची पहिली स्पर्धा. तिला शब्द दिला. साहेब माझ्या शब्दाबाहेर नाहीत.

४ जून
बोलायला गेलो. साहेब वैतागलेले. अशा वेळी बोलणं म्हणजे मूर्खपणा.

६ जून
साहेब खुशीत. चांगला मूड कशाला घालवा?

१० जून
बायकोने पुन्हा विचारलं. प्रकरण प्रोसेसमध्ये आहे म्हणालो. आरशासमोर तालीम केली. करारी दिसतो मी.

१२ जून, रात्री
बोललो! आणि काय झडझडून बोललो! टायपिस्ट बाई, स्टोअरकीपर, शिपाई, सगळ्यांचे हाल मांडले. साहेब विरघळले. म्हणाले, आणि तुमचं? स्वतःसाठी एकदम हात पसरणं बरं दिसत नाही. म्हणालो, माझं काही नाही हो, मी यांच्यासाठी बोलतोय. आपण नको म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, एवढं कुणालाही कळतं. साहेबांनी उठून हात मिळवला. आग्रह बहुधा लेखी येईल.

१७ जून
सर्क्युलर आलं. सर्वांना प्रवासभत्ता. खाली माझ्या नावाची स्वतंत्र ओळ: स्वेच्छेने नाकारला. टाळ्या पडल्या. शिपायाचे डोळे भरून आले. माझेही. घरी सांगितलं, टायपिंगची चूक आहे, उद्या दुरुस्त होईल.

१८ जून
दुरुस्तीसाठी गेलो. साहेब नव्या ऑडिटरला सांगत होते, असा निःस्वार्थी माणूस आयुष्यात पाहिला नाही. यावर माणूस काय बोलणार? म्हणालो, त्यात काय एवढं!

२० जून
बाकीच्यांनी मिळून गाडी ठरवली. मला विचारलं नाही. बरोबरच आहे, भत्ता न घेणाऱ्याकडे वर्गणी कशी मागणार? मी स्टॉपवर उभा असताना गाडी समोरून गेली. टायपिस्ट बाईंनी काचेआडून हात केला. फार मान देतात.
टीप: सोमवारी साहेबांशी स्पष्ट बोलायचं. मुळीच भीड ठेवायची नाही.

२४ जून, सोमवार
साहेब रजेवर. नाहीतर आज सोडलं नसतं.
जेवताना लेक म्हणाली, पोहायचा कंटाळा आलाय, उद्यापासून जात नाही. बायको भरल्या ताटावरून उठून गेली. तिचं काय बिनसलं, कळेना. लेकीला विचारलं, नक्की ना? खाली मान घालून म्हणाली, हो बाबा, नक्की. मुलांचं असंच असतं, आज एक आवडतं, उद्या दुसरं. फक्त हे पंधरा दिवस आधी सांगायला हवं होतं तिने. साहेबांच्या दारात माझ्या उगाच एवढ्या खेपा झाल्या.