पासवर्ड सगळीकडे एकच

मंगळवार संध्याकाळ, ठाणे

डोकं अजून तापलेलंच आहे. शहाडच्या पाणीपुरवठा केंद्रातले पंप आणि क्लोरिन आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालतात. आज तपासताना कळलं की त्याचा पासवर्ड सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच आहे. एकच! आणि तो बदलताही येत नाही. कोणीही इंटरनेटवरून घुसून क्लोरिन वाढवू शकतो.

आमचे साहेब सामंत सर म्हणाले, "पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. कस्टमरला उगाच घाबरवू नकोस."

उगाच? ते पाणी लोक पितात! आणि पासवर्ड एकच?

जिन्यात जाऊन मी केंद्रातल्या म्हात्रे मॅडमना फोन केला. "मॅडम, इंटरनेटची वायर आत्ताच्या आत्ता काढा. पंप हातानेच चालवा."

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "काढली. पण हे तुमच्या साहेबांनी का नाही सांगितलं रे?"

मग या फोनबद्दल सरांना स्वतःच जाऊन सांगितलं. "तुला कोणी अधिकार दिला?" ते सगळ्यांसमोर ओरडले. एकही जण माझ्या बाजूने बोलला नाही.

नोकरी बहुतेक जाईल. जाऊ दे. म्हात्रे मॅडमची माणसं आज रात्रभर पंपांपाशी जागणार, आणि ही घाण करणारे आम्ही सगळे जेवून झोपणार.