फ्लोराची जपमाळ

१४ नोव्हेंबर १९७३, नागपूर

आज पाळकसाहेबांना विचारलंच. फ्लोरा लग्नाआधी कॅथलिक होती. माझ्यासाठी तिनं आपलं चर्च सोडलं. ती गेल्यावर तिच्या शिवणाच्या डब्यात जपमाळ सापडली. मणी पार झिजलेले. म्हणजे इतकी वर्षं ती माझ्यापासून लपून जप करत होती?

मी म्हणालो, "मी प्रॉटेस्टंट. पण तिची ती प्रार्थना मी म्हटली तर चालेल का?"

"काहून म्हणता मास्तर? आपल्यात मरियेले मागत नाहीत," ते म्हणाले. रागावले मात्र नाहीत.

त्यांचं बरोबरच असेल. तरी रिकाम्या घरात येऊन ते झिजलेले मणी हातात घेतले. शब्दच येईनात. मी तिला या घरात ते कधी मोठ्यानं म्हणू दिले नाहीत. मग मला कुठून येणार?