तीनशे सेडींचं लग्न

३ एप्रिल
पगार हातात पडायच्या आधीच सरकार त्यातला घास काढून घेतं! आज हिशेबखात्यातला कारकून पेपरा कानाशी लागला — बायको आपल्यावर अवलंबून असेल तर करात सवलत मिळते म्हणे. वर्षाला तीनशे सेडी वाचतील. फक्त तीस तारखेच्या आत लग्नाचा दाखला जोडायचा.

दाखला! आराबा आणि मी सोळा वर्षं एका घरात आहोत, पोरगी एकुवा चौदाची झाली. पण रिवाजाप्रमाणे तिच्या माहेरी जिनच्या बाटल्या नेऊन रीतसर मागणी घालायची राहूनच गेली. आधी पैसे नव्हते, मग लाज वाटायला लागली, मग सवय झाली.

५ एप्रिल
आराबाला अर्ज दाखवला. ‘अवलंबून’वर बोट ठेवून म्हणाली, "तुमचा निळा शर्ट कुठे असतो ते तरी माहीत आहे का, एकुवाचे बाबा?"
नव्हतं माहीत.

१३ एप्रिल
तिच्या एबोमामांकडे गेलो. घरातले थोरले तेच. त्यांनी यादी काढली — घडीवर फाटलेली, पिवळी पडलेली. म्हणजे ही तयारच होती! जिनच्या दोन बाटल्या, सहा कापडं, पेटी, वर उशिराचा दंड म्हणून बकरा. एकूण चार हजार.

तीनशे वाचवायला चार हजार! पेपरा म्हणतो, तेरा-चौदा वर्षांत वसूल होतील. त्यालाच बकऱ्याशेजारी बांधायला हवं.

२० एप्रिल
सगळे जमले. बाटल्या पुढे ठेवल्या. रिवाजाप्रमाणे मामा आराबाला तीनदा विचारणार — या बाटल्या आम्ही घेऊ का? पहिल्यांदा हो म्हणाली. दुसऱ्यांदाही हो. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे वळली.

"तीस तारीख नसती तर आला असता?"

थाप मारायला तोंड उघडलं. पण हात खिशातल्या अर्जाकडे गेला.

"मामा, परत द्या त्यांना," ती म्हणाली.

टॅक्सीवाल्याने बकऱ्याचं वेगळं भाडं घेतलं.

२१ एप्रिल
घरात कुणी बोलत नाही, बकरा सोडून. फार वाईट वाटतंय, आणि तीनशेंचं नाही. ही बाई सोळा वर्षं वाट बघत होती. मी खुशाल समजत होतो, तिला काही फरक पडत नाही. गाढव आहे मी.

३० एप्रिल
पेपराला अर्ज कोरा परत दिला. वेड लागलं का, म्हणाला. मुदत संपली.

१ मे
सुट्टी. सगळं सामान घेऊन पुन्हा गेलो, बकऱ्यासकट. मामांनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हाच आराबा तीनदा हो म्हणाली.