नोराकाकूंचा संथ सूर

किलरश, क्लेअर
रविवार, ११ फेब्रुवारी १९९६. दुपारचे सव्वाचार. बँजोच्या तारा सैल करून तो पेटीत ठेवला आणि लिहायला बसलो.

प्रिय फिआक्रा,

बॉस्टनहून पाठवलेलं तुझं पत्र पोहोचलं. इथे सगळं ठीक आहे. बाबा बरे आहेत. मीही बरा आहे, गिलावा करून करून खांदे तेवढे भरून येतात.

उन्हाळ्यात येऊन आपलं पथक पुन्हा उभं करायचं म्हणतोस. मला आता नाही झेपणार रे. लग्नात टेबलं बडवणाऱ्यांच्या वर आवाज काढायचा, आणि मग दोन दिवस कानांत शिट्टी. तिशी आली. हसशील, पण आताशा मला तुझ्या आईचे, नोराकाकूंचे, संथ सूरच ऐकावेसे वाटतात. तुझी वाट बघत तुमच्या स्वयंपाकघरात ताटकळायचो तेव्हा ते कानावर पडायचे. आपण त्यांना झोपेचं औषध म्हणायचो.

हल्ली रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर नोराकाकू आपली छोटी भात्याची कॉन्सर्टिना घेऊन टाल्टीच्या पबमध्ये येतात. मी शेजारी बसतो, नुसता ऐकायला.

आज त्यांनी तोच जुना सूर धरला. टाल्टीने टीव्ही बंद केला. धुनेचा पहिला भाग झाला आणि त्या थांबल्या. "वा, नोराबाई!" मागून कुणीतरी म्हणालं. त्यांनी पुन्हा पहिलाच भाग वाजवला आणि पुन्हा तिथेच थांबल्या. भाता उघडाच. लोकांना वाटलं, दम घेतायत.

संथ सुरात दुसऱ्याने तोंड घालायचं नसतं, तुला ठाऊक आहे. तरी वाकून मी त्यांच्या कानाशी दुसरा भाग गुणगुणलो. हळूहळू त्यांची बोटं मागून आली. संपेपर्यंत कुणी ग्लाससुद्धा खाली ठेवला नाही.

"कुणाकडून घेतलास रे हा?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडूनच, काकू."

"माझ्याकडून? मग बरोबरच असणार." मग मला निरखून म्हणाल्या, "आणि तू कोणाचा?"

वीस वर्षं त्यांच्या हातचा पाव खाल्लाय मी.

"मरिननांचा. सेनन."

"मरिननांचा? अरे, त्यांचा तर कुत्रासुद्धा बेसूर भुंकायचा!"

सगळे हसले. मीही हसलो.

फिआक्रा, हे आजचंच नाही. नाताळापासून चाललंय. "पोराला कळवू नकोस, हातचं काम टाकून धावत येईल," असं त्यांनीच मला बजावलं होतं. ते बजावलेलंही आता त्यांच्या लक्षात नसावं.

तुझी चौकशी मात्र करतात, अजून नाव घेऊन. म्हणून उन्हाळ्यापर्यंत थांबू नकोस. पथकाचं राहू दे. त्या अडल्या की कानाशी गुणगुणायला तू असायला हवास. दुसरा भाग तुला येत नाही, माहीत आहे मला. ये, मी शिकवतो.

आज ज्याला त्यांनी ओळखलं नाही, तो तुझा
सेनन