नाटकवालीचा मुका आश्विन

२० सप्टेंबर, शनिवार

चंद्रपूरहून आत्ताच आलो. मूल गावापर्यंत एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले. शेजारची बाई दोनदा बोलायला आली, मी नुसती हसले. तिला वाटलं असेल, काय माजोरी बाई आहे.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पडद्यावर माझं स्वरयंत्र दाखवलं. दोन गाठी, समोरासमोर, तांदळाच्या कणीएवढ्या. "बाई, ओरडता का फार?" आमच्या यांनीच उत्तर दिलं, "झाडीपट्टीच्या नाटकात असते जी. लगनाच्या आधीपासून गाते." डॉ. म्हणाल्या, मग आता गप्प बसायचं. परत तपासेपर्यंत एक शब्द नाही. कुजबूजसुद्धा नाही, त्यानं उलट ताण पडतो. तिखट-तळण बंद. वाफ, कोमट पाणी, सकाळी चालणं, रात्री लवकर झोप. गाठी विरल्या तर गा. नाही विरल्या तर ऑपरेशन, आणि यंदाचा सीझन विसरा.

दिवाळीनंतर मंडया सुरू होतात, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि मंडईला नाटक. यंदाचा पहिला प्रयोग आमच्याच गावात. एरवी आख्खी झाडीपट्टी पालथी घालते, आणि घरच्या मंडईत गाणार नाही?

मी झोपेतसुद्धा बडबडते म्हणे. मला सांगतात गप्प बस.

२१ सप्टें., रवि.

मौन पास. (रोज लिहायचं, पास की नापास.)

पहाटे उठून बोडीच्या, गावतळ्याच्या, पाळीवर चालून आले. धान निसवायला लागलंय, पायजमा गुडघ्यापर्यंत दवानं ओला. या वेळी इतकं शांत असतं हे माहीतच नव्हतं. सीझनमध्ये या वेळेला मी चेहऱ्यावरचा रंग पुसत असते.

वाफ घेतली. ज्येष्ठमधाची काडी चघळतेय, गोड आहे, पण दर वेळी वाटतं झाडू चावतेय. पाटी आणली लिहून दाखवायला. यांना लिहून दिलं, "भाजीत मीठ कमी." यांनी वाचलं, मान डोलवली आणि तशीच खाल्ली.

२२ सप्टें., सोम. घट बसले.

मोठाच घोळ झाला.

देवीच्या देवळात गेले. शेजारच्या धुरपताबाईंनी विचारलं, "काय वो शालू, बोलून काऊन नाई राह्यली?" मी गळ्यावर बोट ठेवलं, नाही नाही अशी मान हलवली, आणि वर देवीसमोर हात जोडले, म्हणजे देवा, बरं कर. त्या डोळे मोठे करून बघत राहिल्या. मग सगळ्या बायकांना सांगितलं, "मौनव्रत धरलं हिनं! नऊ दिसाचं!"

पाटीवर लिहिलं, घसा खराब आहे. धु. बाईंना वाचता येत नाही. त्यांनी पाटीलाच नमस्कार केला.

दुपारी हे जाऊन सांगून आले, व्रत-बीत नाई, गाठी आहेत. धु. बाई यांना म्हणाल्या, "भाऊ, धरणारं माणूस सांगत नाई. तुमाले काय समजते त्यातलं." हे परत आले आणि म्हणाले, "मी हरलो."

मौन पास. पण काय फायदा.

२४ सप्टें., बुध.

सकाळपासून पाच-सहा जणी. फुलं, नारळ, हळदकुंकू. माझ्यापेक्षा मोठ्या बायका पायाला हात लावायला वाकतात, मी पाय मागे ओढते, त्यांना वाटतं आणखीच थोर आहे.

एक गोष्ट लिहून ठेवते. मंडईत मी गाते तेव्हा याच बायका पहिल्या रांगेत बसून पदराला डोळे पुसतात. पण संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलवताना माझं घर नेमकं चुकतं. नाटकवाली ना. मला त्याचं वाईट वाटतं, नाही वाटत असं म्हणते ते खोटं. आणि आता मी काहीच बोलत नाही, तर ओसरी भरलेली.

हसू आवरत नव्हतं. हसलं तरी घशाला ताण. आत जाऊन उशीत तोंड खुपसलं.

२७ सप्टें., शनि.

आता नुसत्या नमस्काराला येत नाहीत. बसतात आणि बोलतात. मी बोलणार नाही, म्हणजे कोणाला सांगणारही नाही, असा हिशोब. माझ्याकडून बाहेर जाणार नाहीच. इथेसुद्धा नावं लिहीत नाही.

एकीचं सख्ख्या बहिणीशी पाण्याच्या पितळी गुंडीवरून बोलणं बंद. ती गुंडी आता गळकी आहे, तरी बंद. एकीला सुनेच्या हातची भाजी आवडते, पण तसं म्हणायला जीभ रेटत नाही. एक नुसती रडली, पदर पिळून उठली आणि म्हणाली, "लगीत बरं वाटलं." लगीत म्हणजे खूप. मी काय केलं? काहीच नाही. तिच्यासमोर ज्येष्ठमध चघळत बसले.

एरवी मी कोणाचं पूर्ण ऐकलंय का कधी? समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच माझं सुरू व्हायचं. आता दुसरा इलाजच नाही, आणि गंमत म्हणजे मला आवडायला लागलंय.

धु. बाई रोज येतात. शेवटी जाताना म्हणतात, "उद्या राह्यलेलं सांगतो."

२९ सप्टें., सोम.

हे बोलतात!

लग्नाला इतकी वर्षं झाली, मला वाटायचं यांना बोलायलाच आवडत नाही. खरं म्हणजे मी जागाच ठेवली नव्हती. रात्री जेवण झालं की तळपायाला तिळाचं तेल चोळून देतात (डॉ.नी सांगितलं नव्हतं, यांचं स्वतःचं औषध. कोणी सांगितलं विचारलं तर म्हणे, "असंच वाटलं."), आणि चोळता चोळता बोलतात. बांधावरच्या सागाबद्दल. लहानपणी हरवलेल्या म्हशीबद्दल. काल म्हणाले, "तुया नाटकाले मी यायचो. दूर असलं तरी यायचो. सायकलनं. मांग उभा राहायचो."

मी उठून बसले. पाटीवर लिहिलं, मला का नाही सांगितलं?

"तू आली का तूच सांगत राहायची, कसं झालं नाटक. मंग मी काय सांगू? मी पायलं म्हणून?"

पाटी पुसली. खूप आनंद झाला. खूप.

मौन पास, कसंबसं.

१ ऑक्टो., बुध.

नाटक कंपनीचे मॅनेजर सुधाकरभाऊ आले वडश्याहून. सोबत मोनाली, नवी मुलगी, गेल्या सीझनला कोरसमध्ये होती. भाऊ चांगले आहेत, खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "बाई, गाणे हिले शिकवून ठेवतो. तुमचं जमलं तर तुमीच. नाई जमलं तर प्रयोग काई थांबवता येत नाई." बरोबरच आहे. पण मोनालीनं माझं दुसऱ्या अंकातलं गाणं गुणगुणून दाखवलं आणि मी नुसती जळले. गोड गळा आहे. वरचा सूर तर सहज लावते पोट्टी.

त्या गाण्यात तो एक वरचा सूर आहे. लोक त्याच्यासाठीच जागे राहतात.

ते गेल्यावर बोडीवर जाऊन बसले. रडायला आवाज लागत नाही हे एक बरं.

३ ऑक्टो., शुक्र.

काल दसरा. सोनं वाटलं, खुणेनंच. बायकांना वाटलं आता व्रत सुटणार, सगळ्या तोंडाकडे बघत होत्या. मी गप्पच. डॉ. सुट्टीवर, तपासणी ८ तारखेला. धु. बाईंनी जाहीर केलं, "पुनवेलोक धरलं हिनं." म्हणजे कोजागिरीपर्यंत.

६ ऑक्टो., सोम. कोजागिरी.

नापास!! ठार नापास.

दूध आमच्या अंगणात ठेवायचं हे बायकांनीच ठरवलं. मी चुलीपासून लांब, धूर नको म्हणून. चंद्र वर यायच्या आधीच सगळ्या जमल्या. कढई चुलीवर, आणि चुलीशी बसलेली प्रत्येक बाई माझ्याकडे तोंड करून काहीतरी सांगतेय. दुधाकडे कोणाचंच लक्ष नाही. मला दिसतंय, साय फुगतेय, वर येतेय. हात हलवले. त्यांना वाटलं आशीर्वाद देतेय. टाळ्या वाजवल्या. त्यांनी पण वाजवल्या.

शेवटी ओरडले, "अवो बायांनो, दूध!"

दूध अर्धं चुलीत. मग धु. बाई मोठ्यानं म्हणाल्या, "पाहा! देवीनं दुधासाठी हिले बोलतं केलं!" आणि जो हशा पिकला, तो बोडीच्या पलीकडे गेला असेल. उरलेल्या दुधात साखर जास्त पडली. कोमट करून मी पण प्याले.

ओरडल्यावर घसा दुखला नाही. पण आता भीती वाटतेय. इतके दिवस सांभाळलं आणि दुधावर घालवलं की काय?

७ ऑक्टो., मंगळ.

बोलून तर झालंच होतं, म्हणून सकाळी धु. बाईंना हळूच, दोनच वाक्यांत खरं सांगितलं. व्रत नव्हतं. गाठी होत्या.

"मले पयल्या दिवसापासून माईत आहे," त्या म्हणाल्या. "तुया नवऱ्यानं सांगतलं ना."

"मग पाया काऊन पडत होत्या?"

"पाया पडलं का बसता येते वो. नाटकवालीच्या घरी नुसतं कसं येऊन बसाव? लोकं काय म्हणतीन?" मग म्हणाल्या, "आता सवय झाली. आता नुसतीच येतो."

पुढे बोलायची बंदीच होती. त्यांच्या हाताला धरून बसले.

८ ऑक्टो., बुध. चंद्रपूर.

डॉ.नी नळी घातली, पडद्याकडे बघितलं आणि यांना विचारलं, "खरंच गप्प होत्या?" हे म्हणाले, "दूध सोडून." सगळं सांगावं लागलं. डॉ. इतक्या हसल्या की बाहेरची नर्स आत आली.

एक गाठ जवळजवळ विरली. दुसरी निम्मी. हळू बोला, गुणगुणा, रोज थोडंसं. गाणं मंडईच्या वेळी बघू, पण खालच्या पट्टीत. वरचा सूर? "ते तुमचा गळा सांगेल. ओढून काढायचा नाही, एवढंच."

जीव भांड्यात पडला, पण पूर्ण नाही.

१५ ऑक्टो., बुध.

पहाटे पाळीवर बसून गुणगुणते. ओठ मिटून, नाकातून, भुंग्यासारखं. खालचे सूर गरम आणि जाड झालेत, पूर्वी असे नव्हते. वर जात नाही अजून. मोह होतो. तोंडात ज्येष्ठमध धरते की मोह जातो. आता चवही आवडते.

शिंगाडे निघालेत. उकडून खाल्ले. ऊन दुपारी कडक, रात्री गोधडी लागते. बायका येतात. आता मी पण थोडं बोलते, पण कमी. धु. बाई म्हणतात, "बोलत नोहती तेवाच बरी होती तू." आणि बसतातच.

२२ ऑक्टो., बुध. गायगोधन.

काल फटाक्यांचा धूर झाला, नाकाला ओला रुमाल लावून आत बसले. आज सकाळी यांनीच पाठीला उटणं लावलं. पाडव्याला बायकोनं लावायचं असतं म्हटलं तर म्हणे, "यंदा उलटं." मग मी पण लावलं. दोघं हळदीचे.

गाई रंगवून गावातून नेल्या. ढोल वाजत होता, आणि मी माझ्याही नकळत गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांच्या गाण्यात आवाज मिसळला. खाली, हळू. कोणी वळून पाहिलं नाही. म्हणजे आवाज गावासारखाच लागला. घरी येऊन नाचले.

२४ ऑक्टो., शुक्र. तालीम.

गाणं खालच्या पट्टीत गायले. बरं झालं. पण वरच्या सुराशी थांबले, पेटीवाल्या भाऊंनी तो पेटीवरच वाजवला. सुधाकरभाऊ म्हणाले, "उद्या खालच्या पट्टीत तुमी गा, नाईतर नेहमीच्या पट्टीत मोनाली. तुमी ठरवा." खालच्या पट्टीतसुद्धा तो सूर आहेच. तो येईल का माहीत नाही.

मोनाली गपचूप कोपऱ्यात बसली होती, घसा धरून. सर्दी. घरी आणलं, वाफ दिली, यांनी तिच्याही तळपायाला तेल दिलं. ज्येष्ठमध चघळताना म्हणाली, "बाई, झाडू खाऊन राह्यल्यासारखं वाटते." मला तिचा रागच येईना.

२५ ऑक्टो., शनि. मंडई.

रंगपटात लिहितेय. बाहेर पाळणे, जिलेबी, माणसंच माणसं. हिरवी साडी नेसले. मोनालीही हिरवीच नेसलीय, तयार असावं म्हणून. ती माझा अंबाडा बांधतेय.

हे मघाशी येऊन गेले. "यावेळी मांग नाई, समोर बसतो." नवा सदरा घातलाय.

मग धु. बाई, आणि मागे सगळ्या. रंगपटात बाहेरच्यांना येऊ देत नाहीत, पण या बायांना कोण अडवणार. पाया पडल्या नाहीत. धु. बाईंनी माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं, सगळ्यांसमोर. म्हणाल्या, "एवढे दिस तू आमचं आयकलं. आता आमी आयकतो. आवाज आला तरी, नाई आला तरी."

डोळ्यातलं काजळ गेलं. मोनालीनं परत लावलं.

गळ्यात काय आहे मला खरंच माहीत नाही. पण भीती वाटत नाहीये, आनंद वाटतोय, हे लिहून ठेवते.

पेटीवाले भाऊ पडद्याआडून विचारतायत, "बाई, पट्टी कोनती लावू?"

खालची. सांगायला जाते.