बाबांच्या लघुग्रहाचं नाव

प्रिय टिल्लू,

फोनवर तू 'सगळं ठीक ना?' विचारलंस की माझ्या तोंडून 'हो, ठीक' निघून जातं आणि बोलणं तिथेच संपतं. म्हणून आज लिहायला बसले आहे. बाबा जेवून आडवे झालेत, कपडे मशीनमध्ये फिरताहेत, तेवढाच वेळ माझा. मधेच अक्षर बिघडलं तर समज, त्यांनी हाक मारली.

बातमी चांगली आहे. बाबांच्या लघुग्रहाला कायमचा क्रमांक मिळाला. तू परदेशी गेल्यावर त्यांनी तो शोधला, त्यामुळे तुला सगळं ठाऊक नसेल. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दुर्बिणीतून काढलेले फोटो ते सकाळी चहाबरोबर कॉम्प्युटरवर एकामागून एक फिरवत बसायचे. तारे जागचे हलत नाहीत, एखादाच ठिपका जरासा सरकतो. असा ठिपका बहुतेक वेळा आधीच कुणीतरी शोधलेला असतो. हा नव्हता. पण एकदा दिसून भागत नाही. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात तो सूर्याभोवती आरामात फिरत असतो आणि आपल्याला नीट दिसतो वर्षा-सव्वा वर्षातून एकदा, पृथ्वी त्याच्या आणि सूर्याच्या मधे आली की. असा तो पुन्हापुन्हा सापडला, तरच कक्षा पक्की झाली असं मानतात. तोवर नुसतं अक्षर-आकड्यांचं तात्पुरतं नाव. दर खेपेला बाबा त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे, आणि छताचा पत्रा सरकवायला मी. वर्षा-सव्वा वर्षातून तोंड दाखवणारं आपल्या घरात आणखीही कुणी आहे म्हणा. त्याच्यासाठी पत्रा सरकवावा लागत नाही एवढंच. शेवटची निरीक्षणं तर मीच पाठवली. बाबा शेजारी बसून माझ्या चुका काढायचे. मग हळूहळू त्यांनी चुका काढणंही सोडलं.

आता नाव द्यायचं. ते शोधणाऱ्याने सुचवायचं, सोबत ते कुणाचं, का, हे दोन-चार ओळींत लिहायचं, मग खगोलशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय समिती मंजूर करते. मला वाटलं, बाबा आईचं नाव सांगतील. आणि खोटं कशाला बोलू, माझं सांगतील अशी वेडी आशाही होती. त्यांनी पटकन सांगितलं, टिल्लू. तुझं शाळेतलं नाव नव्हे, घरातलं. एवढ्या मोठ्या दगडाला टिल्लू म्हणायचं, याचं आधी हसू आलं. मग स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं. तुझा काही दोष नसताना तुझा फार राग आला. अजूनही पुरता गेलेला नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या ओळी बाबा सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. 'टिल्लू माझा मुलगा, आजारपणात तो मला सोडून गेला नाही, तोच मला आंघोळ घालतो, भरवतो, रात्री उठून पाणी देतो.' सांगताना ते माझ्याकडेच बघत होते. गेले काही महिने ते मला टिल्लूच म्हणतात रे. तुला मुद्दामच कळवलं नाही. मी ताई आहे म्हटलं की ते घाबरतात, परकं कुणी घरात शिरल्यासारखे बघतात, म्हणून मी मुकाट्याने ओ देते. घरात ओ देणं निराळं. पण हे जगभर छापलं जाणार. असलं खोटं पाठवायला माझा हात धजत नाही, आणि त्यांचा शब्द बदलायचीही हिंमत होत नाही. मला नाव नको. मला सलग झोप हवी आहे. तू ये. महिनाभर तरी ये. त्यांना आंघोळ घाल, भरव, टिल्लू अशी हाक आली की तू ओ दे. त्या ओळी खऱ्या झाल्या, की तूच पाठव.

तुझीच, दमून गेलेली,
ताई