देवाला घाई नको

तीर्थरूप आईस,

इथून वाकून नमस्कार. मी खुशाल आहे. आमचं इस्पितळ ज्या झऱ्याकाठी आहे, त्याच्या गरम पाण्यासाठी पूर्वी श्रीमंत लोक लांबून यायचे. तुझ्या लेकीला रोजची आंघोळ फुकट! ज्या दिवाणखान्यात ते पत्ते कुटायचे, तिथे आता मी जखमी सैनिकांना बोटं मिटायला शिकवते. तुझा गुडघा काय म्हणतोय?

"तुझे पेशंट लवकर बरे होवोत," असं तू लिहिलंस. ते मी मोठ्यांदा वाचून दाखवलं, तर सगळे हसले. त्यांच्यातला एक शिंपी म्हणाला, "ताई, आईंना म्हणावं, देवाला एवढी घाई करू नका." इथे बरा झालेला माणूस घरी जात नाही, परत आघाडीवर जातो.

या शिंप्याचा उजवा हात लुळा आहे, असं तो सांगतो. परवा माझ्या पांढऱ्या कोटाचं बटण तुटलं. त्याने कोट ओढून घेतला आणि त्याच हाताने बटण शिवून दिलं. दोरा दातांनी तोडताना आमची नजरानजर झाली. "सवय हो," एवढंच तो म्हणाला.

सोमवारी मोठे डॉक्टर येतील आणि मला त्याच्या हाताबद्दल विचारतील. मला खोटं जमत नाही, हे तुला ठाऊकच आहे. शिवाय त्याच्या जागी मग कुणाला नेतील, हा विचारही सुटत नाही. आपल्या धाकट्याला बोलावणं आलेलं नाही ना?

बटण अगदी पक्कं बसलंय. सोमवारी मात्र मी दुसरा कोट घालणार आहे.

प्रार्थना चालू ठेव. फक्त त्यातलं "लवकर" तेवढं गाळ.

तुझी,
थोरली